रोझरीसाठी सेंटर स्पीकर

आमच्या जेरार्डला कॅनडाला जायचं नव्हतं, पण तसं त्याने मला एकदाही तोंडाने सांगितलं नाही. त्याऐवजी त्याने होम थिएटर विकत आणलं.

ही दोन हजार तीनची गोष्ट. कॅनडाच्या इमिग्रेशनची आमची फाईल टाकून दोन वर्षं उलटली होती. ऑफिसात पोहोचले की मी कॉम्प्युटर चालू करायच्या आधी मंदूबला गाठायची. मंदूब म्हणजे कंपनीचा बाहेरच्या कामांचा माणूस, पोस्ट बॉक्स तोच उघडायचा. मला लांबून बघूनच तो 'नाही' म्हणून मान हलवायचा. घरी आमची मुलगी रोशेल अकरावीत. शारजात बारावीपर्यंत पोरांचं सगळं छान चालतं, पुढे कॉलेजचं काय ते कोणी विचारायचं नाही आणि कोणी सांगायचं नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की पोरगी बारावी व्हायच्या आत आपण टोरोंटोला पोहोचलं पाहिजे. जेरार्डला विचारावं तर तो म्हणायचा, "बघू. इन्शाल्ला." इथला माणूस इन्शाल्ला म्हणताना निदान वर तरी बघतो, हा बघायचा रिमोटकडे.

आणि अशात एका गुरुवारी दुपारी दुकानाची दोन माणसं आमच्या हॉलमध्ये खोकी रचून गेली. दुबईच्या अल फहिदी स्ट्रीटवरून आणलेली. एक पेटी, पाच स्पीकर आणि एक धम्मधम्म करणारा डबा.

"कितीला?" मी विचारलं.

"अठराशे."

"साडेबावीस हजार रुपये," मी मोठ्याने म्हटलं. दिरहॅममध्ये सांगितलेला आकडा आमच्या घरात कोणाला टोचत नाही. "आणि हे सगळं कॅनडाला न्यायचं?"

"तिकडे नाही चालणार," तो म्हणाला, "तिकडचं व्होल्टेज वेगळं आहे." हे सांगताना त्याचा चेहरा इतका समाधानी होता की मला सगळं समजलं. जेरार्डचा मित्र कार्ल गेल्या एप्रिलात कॅनडाला गेला तेव्हा मिक्सर विकून गेला, इस्त्री विकून गेला. आमच्याकडे तेच सामान नव्याने येत होतं.

तुम्हाला वाटेल, सिनेमे बघायला आणलं असेल. लोक त्यासाठीच आणतात. आमच्या नवऱ्याने आणलं ऑक्टोबरच्या रोझरीसाठी.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. ऑक्टोबर म्हणजे मरियामातेचा महिना, गावी वाडीतले सगळे संध्याकाळी एकेकाच्या घरी जमून जपमाळेची प्रार्थना करतात. ती पद्धत आम्ही सामानाबरोबर इथे आणली. शारजातल्या अल मजाजच्या टॉवरांमध्ये गेल्या वर्षापर्यंत वसईची इतकी घरं होती, की आमच्याकडे रोझरी असली की दाराबाहेरच्या चपला लिफ्टपर्यंत जायच्या. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून खिडक्या बंद, एसी फुल, आणि आत गुडघ्यांवर बसलेली अख्खी वाडी. संपलं की उकडलेले चणे आणि चहा. मग वर्षभरात एकेक घर हललं. परेरा कॅनडाला गेले, एक कुटुंब न्यूझीलंडला गेलं, एकाची कंपनी बुडाली म्हणून तो नंदाखालला परत गेला. शेवटी कार्ल, जेरार्डचा जिवलग मित्र, बायकामुलांसकट कॅनडात मिसिसागाला गेला. राहिलो आम्ही तिघं आणि ॲनेट आंटी.

ॲनेट आंटी मूळची भुईगावची. एका अरबाच्या ऑफिसात तिचं सगळं आयुष्य टायपिंग करण्यात गेलं. लग्न केलं नाही. आता साठीला टेकली होती आणि साठीनंतर कंपनी व्हिसा पुढे वाढवायला का-कू करते, म्हणून तिने केसांना रंग लावायचं प्रमाण वाढवलं होतं. आमच्यात रोझरी सांगायची तीच. सांगणं म्हणजे प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा आणि उरलेला अर्धा सगळ्यांनी मिळून उत्तर म्हणून द्यायचा. दुसऱ्या कोणी सांगायला घेतली की आंटी डोळे मिटून दोन मिनिटं सहन करायची आणि मग हळूच स्वतःच पुढे न्यायची.

सप्टेंबरात तीच म्हणाली, "या वर्षी राहू दे रे जेरार्ड. सांगायला एक आणि उत्तर द्यायला तीन, त्यात तुझी पोरगी नुसते ओठ हलवते. मी आपली घरी म्हणेन."

जेरार्डचा चेहरा पडला. मला मात्र बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. हॉटेलातली नोकरी काय, फ्लॅट काय, त्याला इथे धरून ठेवणारं दुसरं काही नव्हतं. या रोझरीनेच तो शारजाला बांधलेला होता, ती सुटली की माणूस आपोआप विमानात बसेल असा माझा हिशेब. आंटीचाही आम्हाला पाठिंबाच होता. फाईल टाकली त्या दिवशी तिने स्वतः चर्चमध्ये जाऊन आमच्यासाठी मेणबत्ती लावली होती. "जा गं बाय, पोरीचं भलं होईल," म्हणाली होती.

पण जेरार्डने हार मानली नाही. तो दुबईत देराच्या एका हॉटेलात माइक-स्पीकरवाला. कॉन्फरन्स असो नाहीतर लग्न, बोलणाऱ्याचा आवाज शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचवणं हे त्याचं काम. दर ऑक्टोबरच्या शेवटच्या रोझरीला तो घरी दोन माइक लावायचा, एक डावीकडे, एक उजवीकडे, बरोबर मध्ये आंटी, आणि सगळी रोझरी कॅसेटवर घ्यायचा. कशाला घेतोस विचारलं तर म्हणायचा, "असू दे."

खोकी उघडता उघडता त्याने मला समजावलं. "दोन्ही बाजूंनी सारखा येणारा आवाज ही पेटी मधल्या स्पीकरला देते. उरलेली गर्दी, गोंगाट, ते सगळं मागच्या दोघांना. म्हणून सिनेमात हिरो समोरून बोलतो आणि पाऊस मागून पडतो."

"मग?"

"मग काय? गेल्या वर्षीची कॅसेट लावायची. आंटी समोरून, बाकी सगळे मागून. कार्ल, त्याची बायको, सगळे हजर."

मी कपाळावर हात मारला. माणसं कॅनडात, त्यांचं उत्तर शारजात, आणि मध्ये मी चणे उकडत उभी.

चार स्पीकर तासाभरात लागले. पुढचे दोन कोपऱ्यात, मागचे दोन सोफ्याच्या मागे खिळ्यांवर. घरमालक डिपॉझिटमधून काय कापायचं ते कापू दे, असं जेरार्ड म्हणाला. हेच खिळे मी कॅलेंडरसाठी मागितले होते तेव्हा मिळाले नव्हते. राहिला मधला, सेंटर. तो आडवा, लांबट, डबलरोटीएवढा. त्याने आमचं घर आठवडाभर खाल्लं.

सेंटर स्पीकरची जागा टीव्हीच्या डोक्यावर. आमच्या टीव्हीच्या डोक्यावर क्रोशाच्या रुमालावर मरियामाता उभी. "तिला जरा बाजूला घेऊ," जेरार्ड म्हणाला.

"घे. आणि ऑक्टोबरात तिला सांग, तुझ्याच रोझरीसाठी तुला बाजूला केलं."

त्याने एक दिवस विचार केला आणि मी ऑफिसात असताना स्पीकर मूर्तीच्या मागे सरकवला. संध्याकाळी बातम्या लावल्या तर वाचणाऱ्या बाईचं कपाळ हिरवं. चॅनल बदललं, तिथल्या क्रिकेटवाल्याचंही हिरवं. स्पीकरच्या आत लोहचुंबक असतं, ते पिक्चर ट्यूबजवळ आलं की रंग बिघडतात. चांगल्या स्पीकरमध्ये ते झाकलेलं असतं. जेरार्डला हे पाठ होतं, हॉटेलात तो हे दुसऱ्यांना शिकवायचा. घरच्या खरेदीत मात्र दुकानदाराने "हबीबी, सेम सेम" म्हटल्यावर याने मान डोलावली होती.

मग स्पीकर टीव्हीखाली, व्हीसीआरच्या कप्प्यात गेला. कॅसेट लावली. रोशेल वहीतून डोकं न काढता म्हणाली, "डॅड, शी साउंड्स लाइक शी इज इन द ड्रॉवर."

आणि खरंच, आंटीला कोणी कपाटात कोंडल्यासारखा आवाज येत होता. जेरार्ड म्हणाला, उंची चुकते आहे. स्पीकर कानाच्या रेषेत हवा. तो सोफ्यावर बसून मोजायला लागला आणि एकदम थांबला. "पण आपण सोफ्यावर कुठे बसतो? आपण गुडघ्यावर असतो." मग त्याने मला हॉलच्या मधोमध गुडघ्यावर बसवलं आणि मापाची टेप माझ्या कानाला लावली. माझी भाजी गॅसवर. मी म्हटलं, "शिंप्याकडेसुद्धा मला एवढं कोणी मोजलं नाही." तो म्हणाला, "हलू नकोस." मग रोशेलला बसवलं, तिची उंची वेगळी. मग त्याने आंटीचा विचार केला, तिचे गुडघे गेलेले, ती खुर्चीत बसणार. तिघींची मिळून सरासरी काढली आणि स्पीकरच्या पुढच्या बाजूखाली दार अडवायचे दोन रबरी ठोकळे घालून त्याचं तोंड वर केलं. ठोकळे बाथरूमच्या दाराचे होते. पुढचा महिनाभर आमच्या बाथरूमचं दार आपलं आपण आपटत राहिलं.

तरी ड्रॉवर जाईना. शेवटी त्याने काय करावं? टीव्हीच काढला. बेडरूममध्ये नेऊन जमिनीवर ठेवला. रिकाम्या स्टँडवर मधोमध मरियामाता, तिच्या पायाशी सेंटर स्पीकर, आणि त्यावर क्रोशाचा रुमाल, कारण रुमालातून आवाज आरपार जातो. होम थिएटर झालं, आणि घरात बघायला काही उरलं नाही. मी लांब उभी राहून पाहिलं. आंटीच्या आवाजात आता मरियामाताच आपल्याला प्रार्थना सांगणार आणि आपण तिलाच उत्तर देणार, असा तो सगळा देखावा दिसत होता. फादरांना दाखवावं असं काही ते नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी ट्रायल. आधी स्पीकर तपासायला पेटी एकेकातून नुसते सुस्कारे सोडत हॉलभर फिरली, कुकरची शिटी अडकल्यासारखी. मग जेरार्डने कॅसेट घातली, गेल्या ऑक्टोबरची. समोरून आंटीने सुरुवात केली आणि मागून उत्तर आलं.

मी ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई नाही, म्हणून सांगते, माझ्या अंगावर काटा आला. मागे भिंत आहे हे मला माहीत होतं, तरी मी वळून पाहिलं. कार्लचा तो भसाडा आवाज, सगळ्यांच्या मागून येणारं त्याचं "आमेन". परेरांच्या सासूबाईंचा खोकला, त्या तेव्हा व्हिजिटवर आल्या होत्या. आणि उजव्या कोपऱ्यातून माझाच आवाज, मला वाटतो त्यापेक्षा बारीक. जेरार्डने मागचे स्पीकर आणखी चढवले. गर्दी भरत गेली. तो हॉलच्या मध्ये उभा राहून नुसता हसत होता.

तेवढ्यात बेल वाजली. समोरच्या फ्लॅटचे हमीदभाई, हैदराबादचे, डोक्यावर पांढरी टोपी, हात पुढे बांधलेले.

"बहुत अफसोस हुआ भाभी," ते हळू आवाजात म्हणाले. "इतने लोगों की आवाज आई तो समझ गया. किसका इंतकाल हुआ?"

त्यांनी आत पाहिलं. आत जेरार्ड, रोशेल आणि स्टँडवर मूर्ती. मागून मात्र तीस माणसं प्रार्थना करत होती.

"इंतकाल नहीं हमीदभाई," जेरार्ड ओशाळून म्हणाला. "ये सब कॅनडा गये हैं."

हमीदभाईंनी थोडा विचार केला. "मेरा छोटा भाई शिकागो गया," ते म्हणाले. "एक ही बात है." आणि टोपी सारखी करून परत गेले.

मी हसले, पण जेरार्ड हसला नाही. तिथल्या तिथे त्याने कॅसेट थांबवली. शेजाऱ्यांना मयत झाल्यासारखं वाटतंय, म्हणजे मागची गर्दी फार झाली, असा त्याने अर्थ काढला. मागचे स्पीकर बरेच उतरवले, मधला चढवला. "शब्द न् शब्द ऐकू आला पाहिजे," म्हणाला. "डायलॉगसाठीच असतो सेंटर." कॅसेटचा पुढचा भाग ऐकून बघायची त्याला गरज वाटली नाही. आवाज जमला होता.

एक ऑक्टोबरला त्याने आंटीला चणे खायला बोलावलं. ती आली ती माळ हातात घेऊनच. टीव्ही कुठे गेला, असं विचारलं. जेरार्डने तिला खुर्चीत बसवलं, खुर्ची बोटभर डावीकडे घेतली, मग परत थोडी उजवीकडे.

"आज तू सांगायचं नाहीस," तो म्हणाला. "आज तू फक्त उत्तर द्यायचंस."

"मग सांगणार कोण? तू?" आंटीने डोळे मिटून सहन करायची तयारी केली.

त्याने बटण दाबलं. रुमालाखालून आंटी बोलायला लागली. खुर्चीतली आंटी दचकली, मूर्तीकडे पाहिलं, मग जेरार्डकडे. मागून सगळ्यांचं उत्तर आलं तेव्हा तिचा हात गळ्याशी गेला. दुसऱ्या 'नमो मरिया' प्रार्थनेपासून तीही त्या उत्तरात मिसळली, आधी चाचरत, कारण उत्तराची अर्धी बाजू तिला सवयीची नव्हती. एवढी वर्षं ती पहिला अर्धा भागच म्हणत आली होती.

"केवढी घाई करते ही बाई," ती मध्येच माझ्या कानात म्हणाली. "श्वास तरी घे म्हणावं." कार्लचं उशिराचं "आमेन" आलं तशी ती हसली आणि लगेच नाक पुसलं. पहिलं रहस्य, म्हणजे माळेतल्या दहा मण्यांचा एक टप्पा, झालं, दुसरं झालं. रोशेलसुद्धा ओठांबरोबर थोडा आवाज काढत होती. जेरार्ड माझ्याकडे बघत नव्हता, पण त्याची पाठ बोलत होती: बघ, कुठे संपलीय रोझरी? आणि मला घाबरायला झालं. हे असंच चाललं तर हा माणूस दर ऑक्टोबरला कॅसेट लावेल, दर वर्षी फाईल पुढे ढकलेल, आणि माझी पोरगी इथेच बारावी होऊन बसेल. माळ ओढता ओढता मी मनातल्या मनात मरियामातेशी भांडत होते.

आमच्याकडे तिसऱ्या रहस्याच्या आधी थांबायची पद्धत आहे, आंटीनेच पाडलेली. "आपापलं मागणं मनात ठेवा," असं ती म्हणते. सगळे मान खाली घालतात, ज्याला जे हवं ते तो मनात मागतो, आणि मग सगळे मिळून म्हणतात, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक." माझं मागणं दोन वर्षं एकच होतं. त्या थांबण्यात आंटीचे ओठ हलतात हे सगळ्यांना माहीत होतं. ती काय पुटपुटते ते मात्र एसीच्या आवाजात कधी कोणाला ऐकू आलं नव्हतं.

"आपापलं मागणं मनात ठेवा," कॅसेटमधली आंटी म्हणाली. आम्ही माना खाली घातल्या.

आणि जेरार्डने चढवून ठेवलेल्या सेंटर स्पीकरमधून, रुमालाखालून, शब्द न् शब्द ऐकू आला.

"माते, जेरार्ड-एमिलीची ती कॅनडाची फाईल. ती नको मंजूर होऊ देऊस. मी इथे आहे तोवर तरी नको."

आणि मागून सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक." डावीकडून कार्ल, ज्याचा व्हिसा तेव्हा हातात आला होता. आणि उजव्या कोपऱ्यातून मी. अगदी मनापासून.

जेरार्डने झडप घालून कॅसेट बंद केली. एसी घुरघुरत राहिला. रोशेलने त्या संध्याकाळी पहिल्यांदा मान वर करून सगळ्यांकडे नीट पाहिलं.

मला राग आला, आणि तो साधासुधा नव्हता. "आंटी," मी म्हटलं, "तू तर आमच्यासाठी मेणबत्ती लावली होतीस."

तिने नाकारलं नाही. तोंडसुद्धा फिरवलं नाही. "लावली होती," ती म्हणाली. "मेणबत्ती तुमच्यासाठी लावली. मागणं माझ्यासाठी मागितलं."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं तुमच्यासाठी. त्याआधी कार्लसाठी. त्याच्याआधी परेरांसाठी, त्या न्यूझीलंडवाल्यांसाठी. आठव ना, कोण कोण गेलं. प्रत्येकासाठी मी हेच मागितलं, आणि प्रत्येकाला मीच एअरपोर्टवर सोडायला गेले." ती माळेचा एकेक मणी विनाकारण पुढे सरकवत होती. "एकाचं तरी ऐकलं का तिने? तू घाबरू नकोस गं एमिली. माझ्या मागण्याने आजवर कोणाचा व्हिसा अडला नाही."

भांडायला माणूस समोर तरी हवा, ही तर आधीच हरून बसलेली. माझा राग कुठे गेला मला समजलं नाही. मला तिचा फ्लॅट दिसायला लागला, एका खोलीचा, रोलाजवळचा, फ्रिजवर कार्लच्या मुलांचे फोटो, परेरांच्या मुलांचे फोटो, आमच्या रोशेलचा चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा फोटो. सगळ्यांना हात हलवून ती एकटी टॅक्सीने घरी यायची, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येऊन म्हणायची, बरं झालं, गेले एकदाचे. मला रडू आलं. आणि तरीही, ते रडू येत असताना, मला कॅनडाला जायचंच होतं. तसूभरही कमी नाही.

मी जेरार्डकडे वळले. "आणि तू? तू काय मागत होतास त्या वेळी?"

तो हातातला रिमोट बघत होता. रिमोटवर इतकं वाचण्यासारखं काही नसतं.

"चालू कर रे," आंटीच शेवटी म्हणाली. "अर्धी रोझरी टाकून उठायचं नसतं."

"कॅसेट नको," मी म्हटलं.

"मग मी सांगते."

"तू पण नको. मी सांगते."

जेरार्डने माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात कधी रोझरी सांगितली नव्हती. मी उठून पुढे गेले आणि स्टँडसमोर, सगळ्यांकडे पाठ करून, गुडघ्यांवर बसले. समोर मूर्ती, खाली तो रुमाल घातलेला डबा, आता गप्प. तिसऱ्या रहस्याआधी थांबायचं होतं तिथे थांबले. आपापलं मागणं मनात ठेवा, असं म्हणायला हवं होतं. पण मनात ठेवून ठेवून आमचं काय झालं होतं ते आत्ताच सगळ्यांनी ऐकलं होतं.

"माते," मी मोठ्याने म्हटलं, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, "आमची फाईल मंजूर कर. रोशेलची बारावी व्हायच्या आत. आम्हाला इथून जायचं आहे."

एवढं म्हणून मी गप्प बसले. सांगणाऱ्याने उत्तर स्वतः द्यायचं नसतं, ते बाकीच्यांनी द्यायचं असतं. कोपऱ्यातून कार्ल येणार नव्हता, परेरा येणार नव्हते. मागे फक्त तिघं होती, आणि त्यातल्या दोघांना नको होतं तेच मी मागितलं होतं. कोणीच काही म्हणालं नाही. मला वाटलं, कोणी म्हणणारही नाही, आणि म्हणू नये हेही बरोबरच आहे. गुडघे दुखायला लागले, तरी मी वळले नाही.

मग खुर्ची करकरली. ते दुखरे गुडघे घेऊन आंटी माझ्या मागे खाली बसत होती. तिला वेळ लागला.

"प्रभू, आमची प्रार्थना ऐक," ती म्हणाली. एकटीच. सांगायचा तिचा खणखणीत आवाज नव्हता तो.

तिच्या पाठोपाठ रोशेल म्हणाली, मराठीत, मोठ्याने. सगळ्यात शेवटी जेरार्ड म्हणाला. मी डोळे पुसले आणि तिसरं रहस्य सांगायला घेतलं.